वाजवी वेळ म्हणजे किती वेळ? आंतुले निकाल, कोल्हापुरातून वाचताना

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आठवड्यांच्या अंतराने दोन जामीन आदेश दिले. ८ तारखेला एल्गार परिषद प्रकरणातल्या दोन आरोपींना जामीन मिळाला. ते २०१८ पासून तुरुंगात होते आणि तोवर दोषारोपही निश्चित झाले नव्हते. २९ तारखेला कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खून खटल्यातल्या सहा आरोपींना जामीन मिळाला. तेही २०१८-१९ पासून आत होते आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हं नव्हती. दोन्ही आदेशांमागचं कारण एकच: निकाल न लागता माणसाला इतकी वर्षं कोठडीत ठेवता येत नाही.

आता त्या महिन्यातल्या तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या प्रतिक्रिया आठवून बघा. पहिल्या आदेशावर ज्यांनी ‘न्याय जिवंत आहे’ असं लिहिलं, त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरा आदेश म्हणजे न्यायाचा पराभव वाटला. दुसऱ्या बाजूला नेमकं उलटं. एकाच न्यायालयाने, एकाच महिन्यात, एकाच तत्त्वावर दिलेले दोन आदेश. पण ‘आपला’ कोण आणि ‘त्यांचा’ कोण एवढं बघूनच आपण ते वाचले. मला वाटतं, ही फक्त वाचकांची चूक नाही. ज्या मूळ निकालातून हे तत्त्व आलं, त्यात एक पोकळी आहे आणि हा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आजचा लेख त्या पोकळीबद्दल आहे.

तो निकाल म्हणजे ‘ए. आर. आंतुले विरुद्ध आर. एस. नायक’, १० डिसेंबर १९९१. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा, न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी लिहिलेला. जलद सुनावणीच्या हक्कावर भारतात काहीही वाचायला घेतलं, तरी फिरून फिरून गाडी या निकालापाशी येते. माझ्या प्रबंधातलं अख्खं एक प्रकरण त्यावर आहे. इथे मी त्याचा सारांश देणार नाही. तो एक मजकूर म्हणून वाचायचा, कुठे भक्कम आहे आणि कुठे कच खातो ते बघायचं, आणि वाचायला बसायचं ते कोल्हापुरात, असा बेत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्या राज्यघटनेत ‘जलद खटला’ हे शब्द कुठेच नाहीत. अमेरिकेच्या घटनेत आहेत, युरोपच्या मानवी हक्क करारात ‘वाजवी वेळेत’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे हा हक्क अनुच्छेद २१ मधून काढावा लागला. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असं ते अनुच्छेद सांगतं. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने त्यात भर घातली की ही पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले, की त्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होती त्याहून अधिक काळ ते खटल्याविना आत होते. न्या. भगवती यांनी सांगितलं, की ज्या पद्धतीत खटला लवकर चालत नाही तिला वाजवी म्हणताच येणार नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: पैसे नाहीत किंवा यंत्रणा अपुरी आहे ही सबब राज्याला सांगता येणार नाही.

बारा वर्षांनी आंतुले निकाल आला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना सिमेंट प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. त्यांच्यावरचा फौजदारी खटला नेमका कुठल्या न्यायालयात चालवायचा, यावरच अनेक वर्षं गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींनी सांगितलं की तो आदेश चुकीचा होता, असं करता येत नव्हतं. म्हणजे विलंबावरचा आपला सर्वांत महत्त्वाचा निकाल ज्या खटल्याच्या नावाने ओळखला जातो, त्याची चार वर्षं खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या चुकीमुळे गेली होती. हे खवचटपणा म्हणून सांगत नाही. ‘विलंबाला जबाबदार कोण’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो, एवढंच दाखवायचंय.

निकालाची जमेची बाजू

निकालाच्या शेवटी अकरा मुद्दे आहेत. वकील मंडळी याच मुद्द्यांचा आधार घेतात, बाकीचा निकाल फार कमी जण वाचतात. त्यातले काही मुद्दे आजही दमदार वाटतात.

पहिली गोष्ट, हा हक्क फक्त कोर्टातल्या सुनावणीपुरता नाही. तपास, चौकशी, खटला, अपील, पुनरीक्षण, फेरखटला या सगळ्या टप्प्यांना तो लागू होतो. दुसरी, विलंबाने आरोपीचं काय काय जातं हे निकालाने मोजून सांगितलं आहे: कोठडीतला काळ, मनस्ताप आणि खर्च, आणि बचाव करण्याची ताकद. साक्षीदार मरतात, गाव सोडून जातात, विसरतात. तिसरी, आरोपीने ‘माझा खटला लवकर चालवा’ असा अर्ज केला नव्हता म्हणून त्याचा हक्क बुडाला, असं म्हणता येणार नाही. कच्च्या कैद्याला बहुतेक वेळा आपल्याला असा काही हक्क आहे हेच ठाऊक नसतं, हे लक्षात घेतलं तर हा मुद्दा फार मोलाचा आहे. चौथी, जलद निकालात समाजाचंही हित आहे, असं निकाल पहिल्याच मुद्द्यात मान्य करतो.

आणि नवव्या मुद्द्यात उपाय सांगितला आहे. हक्काचा भंग झाला असेल तर आरोप रद्द करावेत. पण तो एकच मार्ग नाही. ठरावीक मुदतीत खटला संपवण्याचा आदेश देता येतो, शिक्षा झाली असेल तर ती कमी करता येते, परिस्थितीनुसार आणखी काही करता येतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग अडलंय कुठे?

खटकणाऱ्या तीन जागा

अडलंय ते मुद्दा क्रमांक चार, पाच आणि दहामध्ये.

चौथा मुद्दा म्हणतो, की विलंबात बहुधा आरोपीलाच रस असतो. वेळ काढणं ही बचावाची नेहमीची खेळी आहे. यात तथ्य नाही असं नाही. जामिनावर बाहेर असलेला, खिशात पैसे असलेला आरोपी तारखा वाढवत राहतो, हे कुठल्याही तालुका कोर्टातला कारकूनही सांगेल. पण हे वाक्य सगळ्या आरोपींना एका मापाने मोजतं. कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात बसलेल्या कच्च्या कैद्याला तारीख वाढून काय मिळणार? बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून त्याला कोर्टात हजरच केलं नाही, तर ती खेळी कुणाची? बाहेरचा आरोपी आणि आतला आरोपी यांच्यासाठी वेळ वेगळ्या गतीने जातो. निकालाने हा फरक इथे करायला हवा होता.

पाचवा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. विलंब तपासताना आरोपी किती, साक्षीदार किती, न्यायालयावर कामाचा बोजा किती, स्थानिक परिस्थिती कशी, हे सगळं लक्षात घ्यावं असं तो सांगतो. ऐकायला समंजस वाटतं. पण न्यायाधीशांच्या जागा कोण भरतं? सरकारी वकील कोण नेमतं? न्यायवैद्यक प्रयोगशाळांना माणसं आणि यंत्रं कोण देतं? राज्यच. म्हणजे राज्याने जी व्यवस्था अपुरी ठेवली, तिचा अपुरेपणा हेच राज्याचं स्पष्टीकरण ठरतं. १९७९ मध्ये न्या. भगवतींनी जी सबब दारातून बाहेर काढली होती, ती १९९१ मध्ये खिडकीतून आत आली.

तुलनेसाठी अमेरिकेचा १९७२ चा ‘बार्कर विरुद्ध विंगो’ हा निकाल घ्या. आंतुले निकालातली समतोल साधण्याची पद्धत बरीचशी तिथल्यासारखी आहे. विलंब किती, कारण काय, आरोपीने हक्क मागितला का, त्याचं नुकसान काय झालं, या चार गोष्टी तिथे बघतात. केंटकी राज्यात एका वृद्ध दांपत्याच्या खुनाच्या खटल्यात सरकारी पक्षाने सोळा वेळा तारीख वाढवून घेतली होती आणि पाच वर्षांहून अधिक काळ गेला होता. शेवटी आरोपी हरलाच, कारण बराच काळ त्याने स्वतःच तक्रार केली नव्हती. पण न्यायालयांवरच्या गर्दीबद्दल त्या निकालाने एक गोष्ट नीट सांगितली: ते कारण मुद्दाम केलेल्या दिरंगाईइतकं गंभीर धरू नका, तरीही त्याचं वजन सरकारच्याच पारड्यात टाका, कारण शेवटची जबाबदारी सरकारची आहे. आपल्याकडे ते वजन नेमकं कुठल्या पारड्यात टाकायचं, हे पाचव्या मुद्द्याने सांगितलंच नाही.

आता दहावा मुद्दा. खटला अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी मर्यादा घालणं योग्यही नाही आणि व्यवहार्यही नाही, असं निकाल म्हणतो. प्रत्येक प्रकरण वेगळं, म्हणून प्रत्येक वेळी तोलून बघा.

मराठीतला ‘वाजवी’ हा शब्द आपण सर्वांत जास्त बाजारात वापरतो. वाजवी दर, वाजवी किंमत. जिथे छापील किंमत असते तिथे या शब्दाची गरज पडत नाही. जिथे घासाघीस करायची असते तिथे पडते. दहाव्या मुद्द्याने वेळेच्या बाबतीत छापील किंमत काढून टाकली आणि घासाघीस ठेवली. घासाघिशीत कोण जिंकतं ते सांगायला नको. ज्याच्याकडे थांबायची ताकद जास्त, तो.

हे किती टोकाला जाऊ शकतं, त्याचं उदाहरण याच निकालाच्या पोटात आहे. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांचा जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरच्या बॉम्बस्फोटात मृत्यू झाला. त्या खटल्यातल्या एका आरोपीची याचिका आंतुले प्रकरणाबरोबरच ऐकली गेली होती. ती फेटाळली गेली आणि खटला लवकर चालवायला सांगितलं गेलं. २०१२ मध्ये, घटनेनंतर ३७ वर्षांनी, तोच माणूस पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. पुन्हा नकार. दिल्लीच्या न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर २०१४ मध्ये. घटनेच्या वेळी तिशीही न गाठलेला आरोपी तोवर साठी ओलांडून गेला होता.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्याच काही खंडपीठांनी मर्यादा घालून पाहिल्या. १९९६ चा ‘कॉमन कॉज’, १९९८ आणि १९९९ चे ‘राजदेव शर्मा’ हे ते निकाल. पण एप्रिल २००२ मध्ये ‘पी. रामचंद्र राव’ निकालात सात न्यायमूर्तींनी त्या सगळ्या मर्यादा पुसल्या आणि आंतुले निकालच कायम असल्याचं सांगितलं. तो आजही कायम आहे.

कोल्हापुरातली घड्याळं

आता हे अकरा मुद्दे घेऊन आपल्या शहरात या.

१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी येताना सागरमाळ परिसरात कॉ. पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. पहिली अटक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाली आणि पहिलं दोषारोपपत्र डिसेंबरमध्ये दाखल झालं. पुढच्या अटका २०१६ आणि २०१८-१९ मध्ये झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तपास विशेष पथकाकडून काढून दहशतवादविरोधी पथकाकडे दिला. दोषारोप निश्चित झाले जानेवारी २०२३ मध्ये. २ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने तपासावरची आपली देखरेख थांबवली आणि खटला रोजच्या रोज चालवायला सांगितलं. महिनाअखेरीस सहा जणांना जामीन. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्हापूरच्याच सर्किट बेंचने आणखी तिघांना जामीन दिला.

या तारखा ओळीने मांडल्या की एक गोष्ट दिसते. गुन्ह्यापासून दोषारोप निश्चितीपर्यंत जवळपास आठ वर्षं गेली. दाभोलकर खटल्यातही तेच. खून ऑगस्ट २०१३, दोषारोप निश्चिती सप्टेंबर २०२१, निकाल १० मे २०२४. तिथेही पहिल्या टप्प्याला आठ वर्षं लागली, आणि प्रत्यक्ष खटला मात्र पावणेतीन वर्षांत संपला. म्हणजे आपण ज्या ‘तारखांवर’ चिडतो, ‘दामिनी’तला तो प्रसिद्ध डायलॉग ज्यावर आहे, त्या तारखा बऱ्याचदा गोष्टीचा उत्तरार्ध असतात. पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याआधीच मोठा काळ निघून गेलेला असतो, आणि तो बाहेरच्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

यात गुंतागुंत आहे हे मान्य. आरोपी वेगवेगळ्या वर्षी पकडले गेले, फरार आरोपी आहेत, प्रत्येक अटकेनंतर पुरवणी दोषारोपपत्र येतं. आंतुले निकालाच्या पाचव्या मुद्द्यात हे सगळं आरामात बसतं. पण प्रश्न असा, की घड्याळ कुणाचं धरायचं? २०१५ मध्ये पकडलेल्या आरोपीचं घड्याळ वेगळं, २०१९ मध्ये पकडलेल्याचं वेगळं. आणि पानसरे कुटुंबाचं तिसरंच. ते १६ फेब्रुवारी २०१५ पासून चालू आहे, आणि कुणालाही जामीन मिळाल्याने थांबत नाही. निकालाने पहिल्या मुद्द्यात समाजाचं हित मान्य केलं खरं, पण पुढच्या दहा मुद्द्यांत मोजमाप करताना फक्त आरोपीचं घड्याळ हातात घेतलं. आयुष्यभर कामगारांच्या बाजूने वकिली केलेल्या माणसाच्या खुनाच्या खटल्यात ही त्रुटी जास्तच टोचते.

अकरावा मुद्दाही कोल्हापुरातून वेगळा दिसतो. विलंबाची तक्रार आधी उच्च न्यायालयात घेऊन जा, असं तो सांगतो. दिल्लीतून बघताना ही सोय वाटते. पण कोल्हापूरच्या कच्च्या कैद्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर, आणि तिथला वेगळा वकील, वेगळी फी. हक्क अनुच्छेद २१ मधला, पण तो मागायची खिडकी फोर्टात. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरसमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंच सुरू झालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ती खिडकी जवळ आली. वकिलांच्या अनेक दशकांच्या आंदोलनाचं हे फळ आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. फक्त एक लक्षात ठेवायला हवं. बेंच जवळ आल्याने जामिनाचा अर्ज लवकर ऐकला जाईल. सत्र न्यायालयातला खटला आपोआप वेगाने धावू लागणार नाही.

कोल्हापुराने या हक्काचं दुसरं टोकही बघितलं आहे. मुलांच्या अपहरण आणि खुनांच्या प्रकरणात १९९६ मध्ये अटक झालेल्या गावित बहिणींना इथल्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. २००६ पर्यंत सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मग दयेच्या अर्जाची फाईल फिरत राहिली. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण, त्या अर्जावर सरकारी यंत्रणेने घालवलेली ७ वर्षं, १० महिने आणि १५ दिवस. खटला पाच वर्षांत संपला होता, वेळ गेला तो मंत्रालयं आणि कार्यालयांच्या टेबलांवर. तेव्हाही लोक संतापले ते न्यायालयावर. फाईल ज्याच्या टेबलावर पडून होती, त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

मग सरळ मर्यादाच घालायची का?

कॅनडाने तसं केलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या ‘जॉर्डन’ निकालात आकडेच ठरवून दिले: खालच्या न्यायालयांत १८ महिने, वरच्या न्यायालयांत ३०. बचाव पक्षामुळे गेलेला वेळ वजा करायचा. उरलेला काळ मर्यादेपलीकडे गेला की विलंब अवाजवी धरायचा. अपवादात्मक परिस्थिती होती हे सरकारने सिद्ध करायचं, नाहीतर खटला थांबवायचा.

वाचताना हे फार आकर्षक वाटतं. पण त्या निकालानंतर तिथे खुनाच्या आरोपाचे काही खटलेही वेळेच्या कारणावरून थांबवावे लागले आणि लोक खवळले. आता हाच नियम कोल्हापुरात लावून बघा. पानसरे खटला कधीच बंद झाला असता. ना दोषी, ना निर्दोष, नुसता बंद. हे मला मान्य होणार नाही, आणि मला वाटतं आरोप खोटा आहे असं म्हणणाऱ्या आरोपीलाही कायमचा संशय डोक्यावर घेऊन जगणं नको असेल. म्हणून दहाव्या मुद्द्यामागची भीती मला समजते. मर्यादा मोडल्यावर खटला मोडणं एवढा एकच उपाय हाताशी असेल, तर कुठलाही न्यायाधीश मर्यादा घालायला कचरणार.

पण आंतुले निकालाने स्वतःच नवव्या मुद्द्यात सांगितलंय, की उपाय एकच नाही. मग मर्यादाही एकच कशाला? नऊ आणि दहा हे मुद्दे त्याने शेजारी शेजारी लिहिले, पण एकमेकांना जोडले नाहीत. हीच ती पोकळी.

पोकळी भरली ती जामिनाने

गेल्या काही वर्षांत ही जागा जामिनाने व्यापली आहे. २०२१ च्या ‘के. ए. नजीब’ निकालाने सांगितलं, की यूएपीएसारख्या कडक कायद्यातही खटला रखडला तर घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. जुलै २०२४ मध्ये ‘जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल आला. बनावट नोटांच्या प्रकरणातला आरोपी चार वर्षं आत, ८० साक्षीदार तपासायचे, आणि दोषारोपही निश्चित नाहीत. न्यायालयाने तपास यंत्रणांना जवळजवळ झापलंच: तुम्हाला खटला लवकर चालवायला जमत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नका. जानेवारी २०२५ चे दोन्ही आदेश याच वाटेवरचे आहेत.

हे निकाल बरोबर आहेत. कुणाबद्दल काय वाटतं ते बाजूला ठेवून बरोबर आहेत. दोष सिद्ध व्हायच्या आधी माणसाने आयुष्यातली सहा-सात वर्षं द्यावीत, हे एल्गारच्या आरोपींबाबत चूक असेल तर पानसरे खटल्यातल्या आरोपींबाबतही चूकच आहे. आणि उलटही.

पण जामिनाने सुटतो तो कोठडीचा प्रश्न. खटल्याचा सुटत नाही. उलट एक धोका वाढतो. आरोपी आत असताना न्यायालयावर थोडा तरी दबाव असतो. सगळे बाहेर आले की तो ओसरतो, आणि मग खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तरी कुणाला तातडी वाटत नाही. ‘वाजवी वेळेत निकाल’ असा जो हक्क होता, तो ‘निकाल लागेपर्यंत घरी राहू द्या’ एवढाच उरतो. आरोपीला अर्धा मिळतो, पीडिताला काहीच मिळत नाही, आणि राज्याला किंमत मोजावीच लागत नाही.

२१ जुलै २०२५ ला मुंबई रेल्वे स्फोटांचे बाराही दोषी उच्च न्यायालयात निर्दोष सुटले, घटनेनंतर १९ वर्षांनी. ३१ जुलैला मालेगाव २००८ च्या खटल्यात सातही आरोपी निर्दोष सुटले, १७ वर्षांनी. पहिल्या खटल्यातले बहुतेक सगळे शेवटपर्यंत आत होते, दुसऱ्यातले कित्येक वर्षं बाहेर. आत असोत की बाहेर, इतक्या वर्षांनी आलेल्या निकालाने स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांना कुणी केलं याचं उत्तर दिलं नाही.

मागायचं काय?

संशोधनातून माझ्या हाती आत्तापर्यंत जे लागलंय ते तीन साध्या मागण्यांत सांगतो.

एक. टप्प्यांची घड्याळं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याची सुरुवात आहे. दोषारोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत दोषारोप निश्चिती, युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल. पण मुदत पाळली नाही तर काय, हे कायदा सांगत नाही. रोजच्या रोज सुनावणीचा नियमही १९७३ च्या जुन्या संहितेत होताच. म्हणून तर उच्च न्यायालयाला कायद्यात असलेलीच गोष्ट आदेश देऊन पुन्हा सांगावी लागते. आणि शिक्षेचा काही भाग आत काढलेल्या कच्च्या कैद्यांना सोडण्याची जी तरतूद कलम ४७९ मध्ये आहे, ती जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना लागू नाही. म्हणजे खुनाच्या खटल्यात पुन्हा आंतुले आणि घासाघीस.

दोन. वजन कुठल्या पारड्यात, ते ठरवा. न्यायाधीश नव्हते, प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही, बंदोबस्त मिळाला नाही म्हणून आरोपी आणला नाही, तपास अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून साक्ष झाली नाही: ही सगळी कारणं राज्याच्या खात्यावर लिहा. त्यासाठी नवा कायदा नको. पाचव्या मुद्द्याचा अर्थ हुसैनारा निकालाच्या उजेडात लावला तरी पुरे. आणि नवव्या मुद्द्यातल्या ‘इतर आदेशां’मध्ये विशेष न्यायाधीश, पूर्णवेळ सरकारी वकील, आणि आरोपी व पीडित दोघांनाही भरपाई हे बसू शकतं.

तीन. रोजनामा वाचा. प्रत्येक तारखेला काय झालं हे न्यायालयाच्या रोजनाम्यात लिहिलेलं असतं. ई-कोर्ट्सवर कुठल्याही खटल्याच्या तारखा आणि त्या कशासाठी होत्या ते तुम्हाला दिसतं. पण तारीख पुढे का गेली आणि कुणामुळे गेली, याचा हिशेब कुणी एकत्र मांडत नाही. आंतुले निकाल म्हणतो, प्रत्येक खटल्यात जबाबदारी तपासा. मग ती तपासायची सामग्री वर्षाच्या वर्षी, खटला चालू असतानाच, समोर ठेवायला हवी. दहा वर्षांनी याचिका आल्यावर धूळ झटकत बसण्यात अर्थ नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. दिवाणी दाव्यात ते जमतंही. पण खून झालेल्या माणसाचं कुटुंब आणि त्या खुनाचा आरोप असलेला माणूस, या दोघांनाही ती पायरी टाळता येत नाही. दोघांना एकच गोष्ट हवी असते: निकाल, आणि तो ऐकायला आपण असताना.

तेव्हा पुढच्या वेळी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून किंवा सर्किट बेंचमधून ‘जामीन मंजूर’ अशी बातमी आली, तर कोण सुटलं यापाशी थांबू नका. खटला कितव्या साक्षीदारापर्यंत आलाय, मधल्या तारखा कुणामुळे गेल्या आणि पुढची तारीख कधी आहे, हे विचारा. आंतुले निकालाने जो प्रश्न न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडला, तो निदान आपण तरी सोडायला नको.